शिजलेल्या बेण्याची कहाणी

ऐक गे हळदमाये, तुझीच कहाणी. पाटपाण्याचं एक गाव होतं. तिथं ठकूबाई राहत होती. तिचं हळदीचं रान होतं. तिच्या घरी सुंद्रा नावाची नवी सून आली. ती मिठागराकाठची, हळद तिनं करंड्यातच पाहिलेली.

हळद निघाली. चुलवणावर काहील चढली. सासू म्हणाली, "सूनबाई, मी नदीवर जाऊन येते. सगळी हळद शिजवून ठेव." सून म्हणाली, "बरं, आत्याबाई." मग तिनं एक काहील शिजवली, दुसरी शिजवली, तिसरी शिजवली. सावलीत पाल्याखाली एक पाटी होती. तीत मोठाले गड्डे होते, पुढच्या सालचं बेणं. तेही तिनं शिजवलं. कामचुकार नव्हती ना पोर! शिजलेलं बेणं रुजत नाही, हे तिला कोणी सांगितलं होतं, बायांनो? कोणीच नाही.

सासू आली. पाटी रिकामी पाहिली, कपाळावर हात मारला. "रानाचा वंश बुडवलास! आता बेणं आणशील तेव्हाच उंबरा चढ."

बदल्यात कोणी बेणं देईल, म्हणून सुंद्रानं शिजली हळकुंडं ओटीत घेतली. रडत निघाली. वाटेत गवत कापणारी भेटली, तिचं बोट विळ्यानं कापलेलं. सुंद्रानं हळकुंड ठेचून जखमेत दाबलं. मग बाळंतीण भेटली, तिला कसर भरलेली, अंग कणकणत होतं. तिला दुधात हळद उकळून पाजली. मग एक गरीब नवरी भेटली, तिच्या अंगाला लावायला हळद नव्हती. तिला उरली सगळी दिली. ओटी रिकामी झाली.

पाटाच्या कडेला एक म्हातारी बसली होती. म्हणाली, "आणि मला गं?"

"आजी, संपली. बोटांना लागलीय तेवढीच आहे." सुंद्रानं तेच बोट म्हातारीच्या कपाळी टेकवलं.

म्हातारी हसली. ती हळदमाय होती. तिनं सुंद्राची ओटी कच्च्या गड्ड्यांनी भरली. मग व्रत सांगितलं. "दरसाल पहिली पाटी निवडावी. शिजवू नये, सावलीत ठेवावी, पाल्यानं झाकावी. मागत्याला एक गड्डा द्यावा. आणि घरात जी नवी येईल, तिला हे आधी सांगावं."

सुंद्रा घरी आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. सासूला बेणं दाखवलं, व्रत सांगितलं. सासू म्हणाली, "शेवटचं काय म्हणाली ती?"

"नवी येईल तिला आधी सांगावं."

ठकूबाई मटकन दारात बसली. तिला रडू फुटलं. "पोरी, सांगायचं माझं होतं. मी सांगितलं नाही, आणि बाहेर तुला काढलं." मग ती उठली, उंबऱ्याबाहेर आली, सुनेचा हात धरून तिला आत घेऊन गेली.

अखितीला लावणी झाली. सासूनं सरी दाखवली, सुनेनं गड्डा लावला. जशी सुंद्राला आपली चूक कबूल करणारी सासू भेटली, तशी तुम्हांआम्हांला भेटो. ही हळदमायेची कहाणी, सांगणारीच्या तोंडची, ऐकणारीच्या ओटीतली, सुफळ पुरी झाली.