आजोबा आसनावरून उठतात

“मेलेला माणूस उठून उभा राहतो का, गुरुजी?”

दुआन गुरुजी अंगणात शेंगा सोलत बसले होते. त्यांनी वर पाहिलं. विचारणारा फाटकातून तरातरा आत आला होता. नमस्कार करायचंही त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

“चंग का रे? ये. आधी पाणी पी.”

“पाणी नको, गुरुजी. उत्तर हवंय. उद्या आबांचं वर्षश्राद्ध आहे.”

मू चंग हा गुरुजींचा जुना शिष्य. लू राज्याच्या राजधानीत मोठमोठ्या घरांचे विधी तो करून देई. कोणी कुठल्या पायरीवर उभं राहायचं, पेला कसा धरायचा, किती वाकायचं, सगळं त्याला पाठ. अंगात रेशमी झगा होता. कमरेला हिरव्या दगडाचं पदक लटकत होतं आणि चालताना त्याचा बारीक आवाज होई.

त्याच्या मागे एक लहान मुलगा उभा होता. त्याचा मुलगा, पेंग. अंगात म्हाताऱ्या माणसाचा तागाचा झगा. बाह्या पार गुडघ्यापर्यंत लोंबत होत्या.

ही गोष्ट फार जुन्या चीनमधली, झोउ राजांच्या काळातली. आपण पितरांना पान वाढतो आणि कावळ्याची वाट बघतो. त्यांच्याकडे तेव्हा निराळी रीत होती. गेलेल्या माणसाचे कपडे त्याच्या नातवाच्या अंगात घालायचे आणि त्याला आसनावर बसवायचं. तेवढ्या वेळापुरता तो नातू राहत नसे, आजोबा होई. मग बाप आपल्याच लेकरासमोर गुडघे टेकायचा, त्याला पेला द्यायचा, जेवू घालायचा. आजोबांचं पोट भरलं की घराला आशीर्वाद मिळाला, असं ते मानत.

“कोण उठतं?” गुरुजींनी विचारलं.

“हा!” मू चंगने मुलाकडे बोट केलं. “मी पेला घेऊन आत आलो की हा आसनावरून उठतो. बाजूला सरकतो आणि भिंतीशी जाऊन उभा राहतो. पितर कधी यजमानासमोर उठतो का? कुठल्या नियमात आहे हे?”

“कुठल्याच नाही.”

“तेच सांगतोय मी त्याला. रागावून सांगितलं, मधाची वडी देऊन सांगितलं. हो म्हणतो आणि पुन्हा उठतो.”

पेंग खाली मान घालून बाहीचं टोक चघळत होता.

“उद्या राजवाड्यातले कारभारी येणार आहेत,” मू चंग हळू आवाजात म्हणाला. “राजघराण्याच्या पितृमंदिराचा मुख्य नेमायचाय. ते माझा विधी बघायला येतायत, गुरुजी. माझ्याच घरचा विधी. आणि माझाच बाप आसन सोडून पळाला तर...”

गुरुजींना हसू आलं. मू चंगला आलं नाही.

“माझ्या भावाचा मुलगा आहे,” तो म्हणाला. “ठोकळ्यासारखा बसतो. तोही नातूच. त्याला बसवलं तर चालेल ना?”

“नियमाला चालेल.”

“मग झालं.”

“झालं तर इथवर कशाला आलास?”

मू चंग जरा घुटमळला.

“थोरल्या मुलाचा मुलगा असताना धाकट्याचा का बसवला, म्हणून भाऊबंद कुजबुजतील. तुमचा शब्द पाठीशी असला, म्हणजे...”

“हं.” गुरुजींनी मांडीवरचं शेंगांचं सूप बाजूला केलं. “एकदा दाखव मला. मग देतो शब्द.”

त्यांनी स्वतःच चटई आणून अंगणात अंथरली.

“तोंड पूर्वेकडे हवं, गुरुजी,” मू चंग म्हणाला.

“हो का? विसरलोच.”

“तुम्हीच शिकवलंत.”

“तू पाठ केलंस. मला विसरायला मोकळीक मिळाली.”

चटई फिरवली गेली. पेंग तिच्यावर बसला. पाठीला थोडा बाक, दोन्ही हात मांडीवर. बसताना तो हळूच कण्हलाही. गुरुजी त्याच्याकडे बघतच राहिले. पेंगचा आजोबा त्यांच्या ओळखीचा होता. अगदी असाच बसायचा.

मू चंग फाटकाबाहेर गेला. बरोबर आणलेला, राळ्याच्या दारूने भरलेला काशाचा पेला दोन्ही हातांत धरून, मोजून पावलं टाकत आत आला. त्याचं येणं खरोखर बघण्यासारखं होतं. पेल्यातला थेंबही हलला नाही.

पेंग उठला.

चटईवरून उतरला, घाईघाईने बाजूला झाला, कुडाच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला. हात बाह्यांत. नजर पायांकडे.

“बघितलंत?” मू चंग ओरडला.

“बघितलं. दे तो पेला इकडे. बाळ, तू बस जाऊन.”

आता गुरुजी फाटकाबाहेर गेले. म्हाताऱ्या पायांनी, पेला हिंदकळवत, कसेबसे आत आले. गुडघे टेकताना त्यांच्या तोंडून शब्दच फुटला, “आई गं!”

पेंग हलला नाही. त्याने पेला दोन्ही हातांनी घेतला, ओठांना लावला, आणि नसलेली मिशी मनगटाने पुसली.

“अरे, हा तर तोच!” गुरुजी म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

घरातून गुरुजींची सून बाहेर आली. “काय मांडलंय हे? एवढ्याशा पोराला केवढा तो झगा!”

“तूही दे त्याला पेला, सूनबाई.”

तिने दिला. पेंग बसूनच राहिला. तिच्याकडे बघून त्याने मान डोलावली, एखादा म्हातारा लेकीसुनांकडे बघून डोलावतो तशी. ती हसत आत गेली.

“आता तू पुन्हा ये, चंग.”

मू चंग पुन्हा बाहेर गेला. पुन्हा आला.

पेंग उठला.



गुरुजी मुलाजवळ जाऊन जमिनीवरच बसले.

“बाळ, तू चुकला नाहीस. मला फक्त सांग. का उठलास?”

“आजोबा उठायचे.”

“कोण आलं की?”

पेंगने बापाकडे पाहिलं. मग पटकन खाली पाहिलं.

“बाबा आले की.”

“काहीतरी बरळतोय,” मू चंग म्हणाला. “आबा कशाला...” तो मध्येच थांबला.

“कधीपासून उठायचे रे?” गुरुजींनी विचारलं.

“आम्ही बोरं घेऊन गेलो होतो ना, तेव्हापासून.”

पेंगला आई नव्हती. तो गावी आजोबांपाशीच वाढला होता. बाप राजधानीत.

“कसली बोरं?”

“सुकवलेली. आजोबांनी सुकवली होती. बाबांना आवडतात म्हणून. टोपली आजोबांच्या पाठीवर होती. बाबांच्या घरी खूप मोठी माणसं आली होती. आजोबा ओट्यावर बसले. खूप चाललो होतो ना आम्ही.” पेंग भराभर बोलायला लागला. “मग एका माणसाने विचारलं, हा म्हातारा कोण. बाबा म्हणाले...”

तो थबकला.

“सांग,” गुरुजी म्हणाले.

“बाबा म्हणाले, आमच्या गावचा गडी आहे. टोपली घेऊन येतो.”

पेंगने बाही तोंडात घेतली आणि पुन्हा काढली.

“मग आजोबा उठले. भिंतीशी जाऊन उभे राहिले. मला पण ओढलं. मी बाबा म्हणून हाक मारणार होतो, तर आजोबांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.”

मू चंगने पेला खाली ठेवायचा प्रयत्न केला. तो कलंडला. राळ्याची दारू मातीत जिरून गेली.

“रागावले होते का रे आजोबा?” गुरुजींनी विचारलं.

“नाही. वाटेत हसत होते. म्हणाले, ऐकलंस ना, किती छान बोलतो तुझा बाप. सगळे गप्प बसून ऐकत होते.” पेंगने श्वास घेतला. “मग बाबा गावी आले की आजोबा घरी पण उठायचे. मी विचारलं तर म्हणाले, सवय असलेली बरी. चुकून कोणासमोर बसून राहिलो, तर त्याची पंचाईत व्हायची.”

मू चंग उभा होता तिथेच उभा होता. मान आणि कानही लाल झाले होते. त्याने एकदा फाटकाकडे पाहिलं. तिथून कोणी ऐकलं तर नाही ना, हे त्याने आताही पाहिलं. आणि आपण ते पाहिलं हे कळताच त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

“मला वाटायचं...” तो हातांआडून म्हणाला, “मला वाटायचं, काही कामाला उठतात.”

गुरुजी मान खाली घालून आपल्या हातांकडे बघत होते.

“कोणाच्या डाव्या हाताला कोणी उभं राहायचं, ते तुला मी शिकवलं,” ते म्हणाले. “तुझं कौतुकही मीच केलं. चारचौघांत. पुष्कळदा...”



कोंबड्या सुपाजवळ येऊन शेंगांची टरफलं टोचू लागल्या. कोणी त्यांना हाकललं नाही.

मग मू चंग हलला. त्याने कमरेचं पदक सोडून ठेवलं. रिकामा पेला तिथेच राहू दिला. फाटकाबाहेर गेला नाही, पावलं मोजली नाहीत. आहे तिथून भिंतीपाशी आला आणि मुलासमोर मातीत गुडघे टेकले. कपाळ जमिनीला लागलं.

“बसा,” तो म्हणाला. “आबा... बसा.”

पेंग उभाच राहिला. त्याने घाबरून गुरुजींकडे पाहिलं.

“काय झालं रे?”

“आता आजोबा काय करतात?” त्याने हळूच विचारलं.

“तूच सांग. तुला ठाऊक आहे सगळं.”

“हे नाही ठाऊक.” पेंगने मान हलवली. “असं कधी झालंच नाही.”

मू चंगच्या पाठीला हिसका बसावा तसं झालं. पण त्याने डोकं वर केलं नाही. लोंबती बाही त्याच्या केसांवर आली होती. ती त्याने मुठीत धरली. लहान मूल बाजारात मोठ्या माणसाची बाही धरतं तशी. आणि मग तो रडला. विधीत किती रडायचं याचेही नियम होते. त्यातला कुठलाच त्याला आठवला नाही.

पेंगला काय करावं कळेना. शेवटी तो खाली वाकला आणि बापाच्या डोक्यावरची माती झटकू लागला. ते आजोबांचं होतं की त्याचं स्वतःचं, कोण जाणे.

ऊन कलल्यावर मू चंग उठून बसला. त्याचा आवाज पार बसला होता.

“भावाच्या मुलाचं विचारत होतो मी...”

“शब्द देतो म्हणालो होतो मी,” गुरुजी म्हणाले. “हवा असेल तर देतो. कोणी नाव ठेवणार नाही. तो नीट बसेल. कारभारी खूश होऊन जातील.”

मू चंगने पेंगकडे पाहिलं. झग्याच्या गळ्यातून त्याची बारीक मान बाहेर आली होती. गळ्यापाशी कापड विरलं होतं. आबांनी ते स्वतःच, वेड्यावाकड्या टाक्यांनी, शिवलेलं होतं.

“नको,” तो म्हणाला. “हाच बसेल.”

“बरं.”

“पण उद्या सगळे असतील, गुरुजी. हा उठणार. भिंतीशी जाऊन उभा राहणार. आणि कारभारी मला विचारणार... सगळ्यांसमोर विचारणार, हे काय चाललंय म्हणून.” त्याने डोळे पुसले. “मी काय सांगू त्यांना?”

गुरुजींनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

“ओळख करून दे,” ते म्हणाले.