सावलीघरापासून घाटापर्यंत

खूप जुनी गोष्ट आहे. दोन टेकड्यांच्या मधून एक नदी वळण घेत जायची आणि त्या वळणावर एक गाव होतं. गाव लहानसं, पण माणसं मायेची. ज्यांना कोणी नाही, ज्यांचे हातपाय चालत नाहीत, डोळे गेलेत, अशांना दारोदार फिरायची वेळ येऊ नये म्हणून गावाने मिळून एक घर बांधलं. त्याला नाव दिलं सावलीघर.

सावलीघर सांभाळायला माणूस हवं होतं. पाटलांनी फार विचार केला नाही. ते सरळ चिमाक्काकडे गेले. चिमाक्का एकटी बाई, वय चाळिशीच्या पुढचं, कामाला वाघ. तिच्या अंगणात कधी पाचोळा दिसायचा नाही. लहानथोर सगळे तिला अक्का म्हणत.

अक्काने सावलीघर हाती घेतलं आणि चार महिन्यांत त्याचं रूप पालटून टाकलं. सगळ्यांच्या बाजा एका ओळीत. सगळ्यांना पांढरे स्वच्छ कपडे. उजाडायच्या आत सगळ्यांच्या आंघोळी. काहींना दात नव्हते, म्हणून दोन्ही वेळा सगळ्यांनाच मऊ पेज. कोणी धडपडू नये म्हणून दाराला बाहेरून कडी. कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही. शेजारच्या गावची माणसं पाहायला येत, बोट लावून भिंती बघत आणि म्हणत, "घर असावं तर असं!" अक्काला ते ऐकून बरं वाटायचं. का वाटू नये? ती राबत होती आणि मनापासून राबत होती.

एके दिवशी सावलीघरात सिदूनाना आले. नाना या गावचे नावाडी. चाळीस वर्षं त्यांनी माणसं, शेळ्या, नवऱ्या मुली, धान्याची पोती या काठावरून त्या काठावर नेली होती. मग डोळ्यांपुढे धुकं आलं आणि दोन वर्षांत ते धुकं पार दाट झालं. बायको आधीच गेली होती, मूल नव्हतं. गावानेच त्यांना हात धरून सावलीघरात आणलं.

अक्काने त्यांना दाराजवळची बाज दिली, धुतलेली पैरण दिली, ऊन पेज दिली. नाना म्हणाले, "देव तुझं भलं करो, अक्का."

एवढंच. त्यानंतर ते फारसे बोललेच नाहीत.

रोज पहाटे नाना उठायचे, चाचपडत दारापाशी जायचे, दारावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहायचे आणि परत येऊन बसायचे. अक्काला वाटलं, म्हाताऱ्याला दिशा कळत नाही. तिने त्यांची बाज आतल्या कोपऱ्यात हलवली. नानांनी तक्रार केली नाही. पण त्यांचं जेवण कमी होत गेलं. आधी अर्धी पेज उरायची, मग वाटी तशीच परत यायची. अंगावरचं मांस झडलं, गाल आत गेले.

अक्का घाबरली. तिने साजूक तूप घालून शिरा केला. नाना म्हणाले, "पोट भरलंय गं." तिने वैद्याला बोलावलं. वैद्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि म्हणाला, "रोग काही नाही." रोग नाही, मग माणूस वाळतोय कशाने?

शेवटी दुपारी पेज वाढताना अक्काने ओळीने सगळ्यांना विचारलं, "बाबांनो, काही कमी पडतंय का? असेल तर सांगा."

"नाही गं अक्का."

"तुझ्या राज्यात सुखच आहे."

"आम्हाला अजून काय हवंय?"

नानांनीही मान हलवली, "सगळं आहे."

वाढून झाल्यावर अक्का मागच्या ओट्यावर येऊन बसली. तिथे म्हाळसाआजी ऊन खात बसली होती. म्हाळसाआजी गावची सुईण. आता कमरेखाली तिचे पाय जड झाले होते, पण जीभ चांगली चालायची.

"मी काय करायचं राहिलंय, आजी?" अक्काचे डोळे भरून आले. "सगळ्यांना सारखं बघते. तरी एक माणूस माझ्या डोळ्यांदेखत सुकत चाललाय. आत्ताच विचारलं, तर म्हणतात सगळं आहे."

आजी म्हणाली, "विचारलंस तेव्हा तुझ्या हातात काय होतं?"

"पळी होती. वाढत होते ना."

"मग? पळी जिच्या हातात, तिला कोण सांगणार की मला ही पेज आवडत नाही? आम्ही तुझ्या घरात जेवतो, पोरी. उद्या तू रागावलीस तर जायचं कुठे?"

आजीने अक्काचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"मी किती बाळंतपणं केली, माझं मलाच आठवत नाही. पण एकीसारखी दुसरी नव्हती बघ. एकीला हात घट्ट धरून हवा असायचा. एकीला हात लावला की ती गुरकावायची. एकीला मी गप्प बसलेली हवी, एकीला बोलत राहिलेली हवी. मी गेले की आधी नुसती बसायचे. तिचं काय आहे ते बघायचे, मग हात लावायचे. तू फार चांगली आहेस, अक्का. पण तू आधीच ठरवून येतेस."

हे शब्द अक्काला लागले. त्या दिवशी तिला राग आला. आपण एवढं करतो आणि वर हे ऐकायचं? पण संध्याकाळी नानांची वाटी भरलेलीच परत आली. तेव्हा राग कुठल्या कुठे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चूल पेटवली नाही. रिकाम्या हातांनी ती नानांच्या बाजेशेजारी जमिनीवर बसली. काय हवं, काय नको, हे तिने विचारलंच नाही. बराच वेळ नुसती बसली. मग म्हणाली, "नाना, तुमचा दिवस कसा उजाडायचा हो? नाव चालवत होतात तेव्हा?"

नानांनी तिच्याकडे तोंड वळवलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा झाला.

"तांबडं फुटायच्या आधी मी घाटावर असायचो. पहिल्यांदा पाय पाण्यात. घोट्याला पाणी लागलं की कळायचं, रात्रीत नदी चढली की उतरली, वरच्या अंगाला पाऊस झाला की नाही. मग तोंडावर पाणी मारायचं. मग माझा दिवस सुरू." ते थांबले. "इथे पाणी मला तांब्यातून मिळतं, अक्का. चांगलं असतं, गाळलेलं असतं. पण ते मला काही सांगत नाही."

"मग मी कोणालातरी बरोबर देते. हात धरून नेतील तुम्हाला घाटावर."

"हात धरून नेलं तर मी सामान झालो. चाळीस वर्षं मी लोकांना नेलं. मला माझ्या पायाने जायचंय."

"अहो, पण दिसत नाही तुम्हाला!" अक्का म्हणाली. "उतार आहे, पायऱ्या आहेत. पडलात तर?"

नाना थोडं हसले. "दोर दे मला. काथ्याचा, चांगला लांब. दोर आणि गाठी मला डोळ्यांपेक्षा जास्त कळतात."

दोन दिवस नाना आणि अक्का खपत होते. सावलीघर ते घाट, अंतर दोनशे पावलांचं. नाना सांगतील तिथे अक्का खुंट ठोके आणि नाना दोर ताणून बांधत. कुठे काय, ते त्यांनी स्वतः ठरवलं. वळण आलं की एक गाठ. पायऱ्या सुरू झाल्या की दोन. पाण्याच्या काठाला तीन. तिसऱ्या दिवशी पहाटे अक्काने दार उघडलं आणि नाना दोराला हात लावून एकटे निघाले. अक्काचा जीव टांगणीला लागला होता. अर्ध्या घटकेने नाना परत आले, पाय ओले, मिशा ओल्या. बाजेवर बसले आणि म्हणाले, "पाणी वीतभर चढलंय. पेज आहे का गं? भाकरी असेल तर बरं होईल. दात आहेत मला अजून."

मग हळूहळू घराला कंठ फुटला. म्हाळसाआजी म्हणाली, पहाटेच्या गारठ्यात माझी हाडं धरतात, माझी आंघोळ उन्हं वर आल्यावर ठेव. एका लंगड्या कुंभाराला अंगणात मातीचा ढीग हवा होता. एक माळीण होती, तिला बोलता येत नव्हतं. तिने अक्काचं मनगट धरून तिला आपल्या गाठोड्यापाशी नेलं आणि तळातून एक हिरवंगार लुगडं बाहेर काढलं. अक्काला कळलं, पांढरं नको आहे. एक आजोबा मात्र म्हणाले, "मला पहाटेच आंघोळ हवी आणि पेजच हवी. सगळे बदलतात म्हणून मला बदलू नका." त्यांचं तसंच राहिलं.

घर पहिल्यासारखं नेटकं राहिलं नाही. अंगणात चिखल, बाजा वाकड्यातिकड्या, चुलीवर दोन-दोन भांडी. कधी भाकरीवरून भांडणही व्हायचं. बाहेरगावची माणसं यायची आणि नाक मुरडून जायची. अक्काला त्याचं वाईट वाटायचं. काही रात्री तिला वाटायचं, आधीचंच बरं होतं. पण सकाळी घरात बोलण्याचे, हसण्याचे आवाज यायचे आणि ती पुन्हा कामाला लागायची.

आणि मग एके दिवशी नाना पडले.

आदल्या दिवशी पाऊस झाला होता. खालच्या पायरीवरून त्यांचा पाय सरकला आणि ते दगडावर आपटले. धुणं धुणाऱ्या बायकांनी आरडाओरडा केला, माणसं धावली. डाव्या हाताचं हाड मोडलं होतं, कपाळावर खोक पडली होती. वैद्याने बांबूच्या कामट्या लावून हात गळ्यात बांधला.

दुपारपर्यंत अख्खं गाव सावलीघराच्या अंगणात जमलं. पाटील वाईट नव्हते. घाबरलेले होते.

"अक्का, हे काय चालवलंय तुम्ही?" पाटील म्हणाले. "आंधळ्या माणसाला नदीवर एकटं सोडता? आज ते गेले असते तर गावाने काय तोंड दाखवलं असतं? तो दोर आजच्या आज तोडा. दाराला कडी लावा. सगळं पहिल्यासारखं करा. नाहीतर सावलीघर दुसऱ्या कोणाकडे द्यावं लागेल. बोला, कबूल आहे?"

सगळ्यांचे डोळे अक्काकडे लागले. नुसतं हो म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. घर तिच्याकडे राहिलं असतं, भिंती पुन्हा चकचकीत झाल्या असत्या, गावाने तिला पुन्हा डोक्यावर घेतलं असतं. शिवाय नानांच्या कपाळावरची ती पट्टी बघून तिच्या मनातही एक आवाज म्हणत होता, पाटील बरोबर बोलतायत.

ती म्हणाली, "पाटील, मला घर सोडावं लागलं तर सोडीन. पण याचं उत्तर मी देणार नाही. इतके दिवस मीच यांच्या तोंडून बोलत होते. ज्यांचा हात मोडलाय, त्यांना विचारा."

गावात कुजबुज झाली. असं कोणी कधी विचारलं नव्हतं. पाटील नानांकडे वळले.

"नाना, तुम्हीच सांगा. काय करायचं?"

नाना बाजेवर बसले होते. ते सावकाश बोलले.

"पाटील, मी चाळीस वर्षं नाव चालवली. त्यात तीनदा बुडालो. एकदा तर तुमच्या वडलांनीच मला केस धरून बाहेर ओढलं. पण तेव्हा माझी नाव फोडून टाका असं कोणी म्हटलं नाही. आज मी काठाच्या तीन गाठी नीट मोजल्या नाहीत, घाई केली. चूक माझी आहे. ती तरी माझी राहू द्या."

"आणि जीव गेला असता तर?"

"जीव तर मी बाजेवर बसलो होतो तेव्हाही जात होता," नाना म्हणाले. "रोज थोडा थोडा. त्याचा धप्पकन आवाज येत नव्हता, म्हणून तुम्ही कोणी धावत आला नाहीत."

माळीण उठली, नानांच्या शेजारी जाऊन बसली. कुंभार आपली कुबडी टेकत त्यांच्या दुसऱ्या बाजूला गेला. म्हाळसाआजीला उठता येत नव्हतं, तिने बसल्या जागेवरून हात वर केला.

पाटलांची स्वतःची आई घरात होती, गुडघ्यांनी अधू. गेल्या वर्षभरात तिला काय हवं ते आपण एकदाही विचारलं नाही, हे त्यांना त्या क्षणी आठवलं असावं. कारण पुढचं वाक्य त्यांनी हळू आवाजात उच्चारलं.

"मग त्या पायरीचं काय करायचं, नाना?"

नानांचा चेहरा उजळला. "शेवाळ आहे तिच्यावर. खरवडून घ्या. पावसाळ्यात दर आठ दिवसांनी. आणि त्या तीन गाठींच्या आधी मला एक लाकडी मणी ओवून द्या. म्हणजे हाताला आधीच कळेल."

त्याच संध्याकाळी चार जण कुदळी-खुरपी घेऊन घाटावर गेले. पाटील स्वतः पायरी खरवडत होते. सुताराने बाभळीचा मणी कातून दिला. गावाने ठरवलं, दर अमावास्येला सावलीघरात बैठक बसेल, आणि तिथे पहिल्यांदा राहणारी माणसं बोलतील, गाव ऐकेल. पहिल्या बैठकीत म्हाळसाआजी इतकी बोलली की शेवटी तिला आवरावं लागलं.

नानांचा हात बसायला दीड महिना लागला. थोडा वाकडाच बसला. एका पहाटे त्यांनी उजव्या हाताने दोर धरला आणि ते पुन्हा निघाले. अक्का दारात उभी होती. त्यांना सावरायला तिचा हात आपोआप पुढे झाला. तिने तो मागे घेतला आणि पदराशी घट्ट धरून ठेवला. नानांची पावलं वळणापलीकडे गेली. थोड्या वेळाने पाण्याचा आवाज आला, कोणीतरी तोंडावर ओंजळ मारल्याचा. मग अक्का चूल पेटवायला आत गेली.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: दुसऱ्याची काळजी घ्यायची असेल तर आधी त्याच्याजवळ रिकाम्या हातांनी बसावं. त्याचं जगणं कसं असावं हे त्याला ठरवू द्यावं, आणि आपण त्याला साथ द्यावी.