नागीची घागर

बालाघाटच्या डोंगरात वाट जिथे संपते आणि पुढे नुसता काळा कातळ दिसतो, तिथे कातळवेढे नावाचे गाव आहे. पोहरे महाराज त्या गावात चार वर्षे राहिले. महाराजांच्या खांद्यावर झोळी नसे. दोराचे वेटोळे आणि तांब्याचा पोहरा, एवढाच संसार. वाटेत विहीर दिसली की पाणी शेंदायचे आणि येईल त्याच्या ओंजळीत ओतायचे. त्यांचे मूळ नाव काय, गोत काय, कुणी विचारले नाही आणि महाराजांनी सांगितले नाही.

पण कातळवेढ्यात पाऊल ठेवले आणि महाराजांचा पोहरा खांद्यावरच राहिला. इथे शेंदायला विहीरच नव्हती! होती ती एक जुनी पायऱ्यांची बारव. लोक पायऱ्या उतरत, गुडघाभर पाण्यात शिरत आणि घागरी बुडवून वर येत. आणि गावाला नारू लागलेला. ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांनी भाग्य समजावे. पायाला फोड येतो, निखारा ठेवल्यासारखी आग होते आणि त्यातून सुतासारखा पांढरा किडा महिनाभर बाहेर निघत राहतो. आग सोसवेना की माणूस बारवेत पाय सोडून बसे. तशी चालच होती तिथली. बारवेत साती आसरांचा, म्हणजे सात जलदेवतांचा वास, त्यांच्या पाण्यात दुखरा पाय ठेवला की त्या पीडा ओढून घेतात, असे मानत. आणि शेजारच्याच पायरीवर बायका प्यायच्या घागरी भरत. काय म्हणावे या भोळेपणाला!

महाराज आले त्याच आठवड्यात यल्लव्वाची नऊ वर्षांची लेक गेली. यल्लव्वा वडाराची विधवा, गावाबाहेर पालात राहून दगड फोडणारी. लेकीचे नाव नागी. नारू तिच्या गुडघ्यात तुटला, पाय सडला, ताप चढला. शेवटच्या दुपारी तिने पाणी मागितले. यल्लव्वाने वाटी तोंडाला लावली तर पोर म्हणाली, "आई, ह्यात बारीक बारीक कायतरी उड्या मारतंय. हे नको. चांगलं दे." चांगले आणायचे कुठून? नागी तशीच तहानलेली गेली.

"महाराज, माझ्या लेकरानं कुणाचं काय वाकडं केलं होतं?" यल्लव्वाने विचारले.

महाराज तिच्यासमोर खाली बसले. मग म्हणाले, "माय, कुणाचा कोप नाही. नारूचा पाय पाण्यात जातो, त्याचं बी पाण्यात पडतं आणि तेच तुमच्या पोटात जातं. ज्यात कुणाचा पाय पडत नाही असं पाणी हवं. तोवर चार पदरी फडक्यातून गाळून प्या."

हेच महाराजांनी चावडीवर सांगितले तेव्हा तुळाजीराव उठले. तुळाजीराव म्हणजे बारवेचे मानकरी. आसरांची पहिली पूजा त्यांची, पाण्याच्या कारभारात पहिला शब्द त्यांचा. त्यांची बायको गिरजाबाई नारूच्याच तापाने तीन वर्षांपूर्वी गेलेली, पण ताठा तसूभर कमी झाला नव्हता. ते म्हणाले, "आसरांचं पाणी गाळून प्यायचं? उद्या म्हणाल, देवाचा प्रसाद चाळून खा!" सारी चावडी हसली. एकट्या यल्लव्वाने फडके घडी करून घागरीला बांधले.

दुसऱ्या दिवशी तिने विहिरीसाठी माळावर पहार मारली. विहिरी खणणे हे वडारांचे हाडीमासी खिळलेले काम. पण एकट्या बाईने? महाराज स्वतः पोहऱ्याने दगडमाती वर ओढू लागले. ते घरोघरी जात आणि म्हणत, "पीठ नको, माय. एक पाटी माती काढा, हीच भिक्षा घाला." कुणी घातली, बहुतेकांनी दार लोटले. पाच पुरुष खोल गेल्यावर काळा खडक लागला. पुढची दोन वर्षे तो रोज वीतभरसुद्धा फुटला नाही. पाण्याचा थेंब नाही.

मंडळी, आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपण गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतो आणि कुणाला तरी प्यायला देतो. ती घागर ज्याची त्याला पोहोचते, ही आपली श्रद्धा. यल्लव्वा दर आखितीला नागीच्या नावाची नवी घागर आणी आणि कोरडीच विहिरीच्या काठावर ठेवी.

तुळाजीराव गिरजाबाईंच्या नावाची घागर बारवेतून काठोकाठ भरून नेत. जाता जाता म्हणत, "अगं, गाळून तरी भर! लेकीला किती वर्षं कोरडी ठेवशील?"

"गाळलं तरी तेच पाणी, मालक. ज्यानं नेलं तेच तिला कसं पाजू?"

"आणि तुला लागलं पाणी, तरी तुझ्या हातचं पिणार कोण?"

यल्लव्वा खाली मान घालून पुन्हा विहिरीत उतरे. रडायची, पण पहार चालू ठेवायची. वर महाराजांना दोन्ही आवाज ऐकू येत.

चौथ्या वर्षी बारव आटली, तळाला हिरवा गाळ राहिला. तुळाजीरावांच्या स्वतःच्या पायाला नारू झाला. रोज बारवेत पाय सोडून बसले, आग काही जाईना. तेव्हा त्यांच्या मनाने घेतले की या बाईच्या खड्ड्याने आसरांच्या पाण्याची शीर तोडली, म्हणून हा कोप. आखितीच्या दिवशी भर दुपारी ते लंगडत, दहा माणसे घेऊन विहीर बुजवायला आले.

यल्लव्वा काठावर आडवी पडली. "मालक, चार वर्षं झाली हो! माझी पोर पाण्यावाचून गेली, तेवढी घागर भरू द्या!" तिला माणसांनी बाजूला ओढले. तेवढ्यात महाराज शिडी उतरून विहिरीच्या तळाशी जाऊन बसले आणि शांतपणे म्हणाले, "बुजवायची तर आमच्यासकट बुजवा."

माणसे मागे सरली. तुळाजीराव मात्र संतापाने आंधळे झाले होते. यल्लव्वाने काढलेल्या दगडांतली सर्वांत मोठी धोंड त्यांनी खांदा लावून काठावरून लोटली. "महाराज!" यल्लव्वा किंचाळली.

धोंड महाराजांच्या कानाजवळून गेली. ओरखडासुद्धा आला नाही! यल्लव्वाची पहार दोन वर्षे जिथे घाव घालत होती, नेमकी तिथे ती आदळली. खडक तडकला. आधी ओल दिसली, मग बुडबुडे आले, आणि बघता बघता पाणी महाराजांच्या मांडीशी लागले. महाराज चटकन उठले आणि स्वतःलाच म्हणत शिडी चढू लागले. "चला, वर चला. आपलेही पाय इथे नकोत." वर येताच त्यांनी शिडी ओढून घेतली. ती शिडी पुन्हा कधीच विहिरीत सोडली नाही.

गढूळ पाणी निवळेपर्यंत कुणी घरी गेले नाही. उन्हे उतरल्यावर महाराजांनी कातळवेढ्यात पहिल्यांदा पाण्यासाठी पोहरा सोडला आणि नागीची घागर भरली. यल्लव्वाने आत निरखून पाहिले. काही हलत नव्हते. तिने घागर उचलली, सगळ्यांमधून वाट काढली आणि थेट तुळाजीरावांपुढे जाऊन उभी राहिली.

"नागीच्या नावानं प्या, मालक. तुम्ही प्यालात म्हंजे तिला पोचलं."

तुळाजीरावांनी ओंजळ पुढे केली. पाणी तळहाताच्या रेषा दिसाव्यात इतके स्वच्छ होते. ते प्याले. दुसरी ओंजळ पिऊन ते महाराजांच्या पायांवर पडायला वाकले. महाराजांनी नुसते यल्लव्वाकडे बोट दाखवले.

तेव्हा बारवेचा मानकरी त्या दगडफोड्या बाईच्या धुळकट पायांवर डोके ठेवून लहान मुलासारखा रडला. "यल्लव्वा, तू लेकीची घागर कोरडी ठेवलीस आणि मी हसलो. गिरजेला मी दर आखितीला तेच पाजत होतो गं!"

यल्लव्वाने त्यांना उठवले. "त्यांची घागर आणा, मालक. भरून देते."