पहिला रावस नदीचा

एका राज्यात, जिथे डोंगरावरचे हिम वितळून नदीला मिळे आणि नदी समुद्राला मिळे, तिथे हैबती नावाचा गळकरी राहत असे. दरसाल हिवाळा सरता सरता रुपेरी रावस समुद्रातून नदी चढून येत. त्या राज्याचा दंडक असा, की हंगामाचा पहिला रावस धरावा आणि हाताने परत सोडावा. पहिला मासा नदीचा, मग उरलेले माणसांचे.

एके वर्षी वीरधवल राजाला त्या पहिल्याच रावसाचा मोह पडला. त्याने हैबतीला सोन्याचे कडे देऊ केले. हैबतीची बायको अंबू म्हणाली, "नका देऊ हो. नदीचा घास आहे तो." पण सोने पाहून भल्याभल्यांची बुद्धी फिरते, तशी हैबतीची फिरली. मासा राजवाड्यात गेला. हैबतीने कडे अंबूच्या हातात चढवले, तोच कडे नाहीसे झाले आणि अंबूचा खंड्या पक्षी झाला. तिकडे राजाने घास घेतला. त्या दिवसापासून त्याला पंचपक्वान्ने चिखलासारखी लागू लागली. नदी ओस पडली.

डोहातून नदीची राखण करणारा जळमांत्रिक वर आला आणि हैबतीला म्हणाला, "चौथ्या वर्षी तीन रावस येतील, तीन डोहांत. तिन्ही धर, तिन्ही जिवंत सोड. पळसाचे शेवटचे फूल गळेपर्यंत मुदत. चुकलास तर बायको जन्मभर पक्षीच राहील."

चौथे वर्ष उजाडले. हैबती रोज पहाटे गळ टाकून बसे. खरा गळकरी पहाटेच बसतो, अशी त्याच्या घराण्याची ऐट. आठ पहाटा गेल्या, मासा शिवलासुद्धा नाही. पळस भराभर झडत होता.

शेवटी फांदीवरचा खंड्या बोलला. "अहो, हे हिमाचे पाणी. थंडीत तुम्ही पांघरूण सोडत नाही, मग मासा खडक कसा सोडेल? पाण्यात ऊन मुरू द्या, दुपार कलली की बसा. आणि मधल्या धारेत काय टाकता? खडकाच्या आडोशाला, संथ पाण्यात, पार तळाशी जाऊ द्या गळ."

तीन वर्षे पंख मिरवूनही अंबूची जीभ शाबूत होती. हैबतीला तेवढ्यानेही धीर आला.

त्याच दुपारी पहिल्या डोहात रावस लागला. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, म्हणून हैबतीने आधी हात ओले केले, मग मासा सोडला. दुसऱ्या डोहाचे पाणी गढूळ होते. "मोठे आमिष लावा, त्याला दिसायला नको?" खंड्या म्हणाला. तिथलाही रावस लागला आणि हैबतीने तसाच जिवंत सोडला. तिसऱ्या डोहाचे पाणी नितळ. "बारीक दोरी, लहान आमिष. आणि सावली आवरा आपली!" हैबती गुडघ्यांवर बसला. उन्हे उतरता उतरता तिसरा रावस गळाला लागला. काठच्या पळसावर तेव्हा एकच फूल उरले होते.

इतक्यात राजा आला. हातात नंगी तलवार. "हैबती, राजवैद्य सांगतात, नव्या हंगामाच्या रावसानेच माझी चव परतेल. आण तो मासा."

"महाराज, हा नदीचा."

"मान जाईल."

"मान घ्या. मासा मिळणार नाही."

रावस दमला होता. तसाच फेकला असता तर बुडाशी जाऊन मेला असता. हैबतीने त्याचे तोंड धारेकडे केले आणि दोन्ही हातांनी अलगद धरून ठेवले. वर फूल डुलत होते, मानेवर तलवार होती. कल्ले एकदा हलले. मग पुन्हा हलले. हैबतीने घाई केली नाही. अखेर माशाने शेपटीचा फटकारा मारला आणि तो आपल्या बळाने निघून गेला.

मागोमाग फूल गळले. फांदीवरचा खंड्या पाण्यात झेपावला आणि कमरेइतक्या पाण्यात अंबू उभी राहिली.

शेपटीने उडालेले पाणी राजाच्या ओठांवर पडले होते. त्याने ते चाखले. "गोड आहे!" तो म्हणाला, आणि तलवार टाकून ओंजळी ओंजळी पीत सुटला.

हैबतीला हुंदका आवरेना. अंबूने पदर पिळला आणि विचारले, "पहाटे बसायची ऐट गेली का?"

"गेली ग बाई, गेली!"

दुसऱ्या दिवशी रावसांनी नदी रुपेरी झाली. राजाने पहिला मासा धरला, हात ओले करून सोडला आणि मगच ताटावर बसला. नदीचे नदीला पोचले, हैबतीचे हैबतीला पोचले. तुमचे तुम्हाला पोचो.