तांब्याचा हंडा आणि वरचा सा

एका राज्यात वर्षभर कोणी गायले नव्हते. घोरनाद नावाच्या जादूगाराने राजगवई भार्गवबुवांचा आवाज तांब्याच्या हंड्यात कोंडला आणि हंडा बुरुजावर टांगला. शाप असा, की हंड्यासमोर वरचा सा स्वच्छ लागला तर हंडा फुटेल. चिरकला तर गाणाऱ्याचाही आवाज आत जाईल.

मग काय, गवयांची रांग लागली. माना ताणून, टाचा उंचावून सगळे ओरडले. एक शहाणा तर शिडीवर चढला, वरचा सूर उंचावरून लवकर सापडतो म्हणून! सगळे मुके होऊन परतले.

भार्गवबुवांची लेक कमळजा आबांची एक हाक ऐकायला आसुसली होती. ती बुरुजाकडे निघाली तेव्हा पिंपळावरची म्हातारी साळुंकी बोलली, "ओरडायला चाललीस की गायला?"

"गायला."

"मग आधी तीन कामे कर."

पहिले काम, उताणे निजून पोटावर वरवंटा ठेवायचा. श्वासागणिक वरवंटा हलावा, खांदे हलू नयेत. हे आठ दिवसांत जमले. दुसरे, रोज पहाटे खालचा सा धरून बसायचे.

"मला वर जायचे आहे!" कमळजा करवादली.

"पाया न घालता कळस चढवतेस?"

दोन महिने असेच गेले. मग तिसरे काम. डोक्यावर भरला तांब्या ठेवून सूर चढवायचा, हनुवटी उचलायची नाही. पहिल्या दिवशी पोरगी नखशिखांत भिजली. घसा दुखला तरी ती हट्टाने गात राहिली, तेव्हा साळुंकीने तिच्या हातावर चोच मारली.

"दुखले की थांबायचे. घसा फाडण्यात कसले आले शौर्य?"

अखेर कमळजा हंड्यासमोर उभी राहिली.

"मोठ्याने गा!" घोरनाद खिजवू लागला. "मला ऐकू येत नाही!"

तिने पोटातून श्वास घेतला, जबडा सैल सोडला आणि वरचा सा हलकेच लावला. सूर उभा राहिला. हंडा तडकला आणि फुटला. घोरनाद संतापाने असा किंचाळला की त्याचाच घसा बसला, आणि बसलेल्या घशातून मंत्र काही फुटेना. शिपायांनी त्याला सीमेपार नेऊन सोडले.

मुके गवई बोलू लागले. राजाने नगारे वाजवले.

गर्दीतून हाक आली, "कमळे!"

इतका कठीण सूर तिने सहज पेलला होता, पण "आबा" म्हणताना मात्र तिचा आवाज चिरकला.

त्या राज्यात गाणे नांदले, तसे तुमच्या-आमच्या घरी नांदो.