माशी धरणारं झाड

"मग माझं चुकलं कुठे, तेवढं सांगा!"

दिवाकर ठोसरांनी मांडीवरची कुंडी बुवांच्या पुढ्यात ठेवली. ठेवली कसली, आदळलीच! कोल्हापुराहून घाट उतरून आले होते बिचारे, आणि दर वळणाला एक हात त्या कुंडीवर.

कुंडीत व्हीनस फ्लायट्रॅप होतं, माशा धरून खाणारं झाड. पानांच्या टोकाला दातेरी जबडे. एरवी आतून लालबुंद असायचे, आता निम्मेअधिक काळे पडून माना टाकून बसले होते.

मुकुंदबुवांचा मठ कोकणातल्या कातळाच्या सड्यावर, उघड्या पठारावर. तिथे पावसाळ्यात किडे खाणारी बारकी रोपं आपसूक उगवतात. ती बघता बघता बुवांना हा नाद लागला, आणि मठाच्या पायरीवर असल्या झाडांच्या कुंड्या येऊन बसल्या. गळ्यात माळ नि दारात मांसाहारी झाडं, म्हणून गाव हसायचं. बुवा म्हणायचे, "माझ्या ताटात जेवतात का ती?"

"खत घातलंत?" बुवांनी विचारलं.

"चिमूटभरसुद्धा नाही. मागे तुम्हीच सांगितलंत ना, खताच्या मातीत हे मरतं."

"पाणी?"

"पावसाचं, साठवलेलं. नळाचा थेंब नाही."

"ऊन?"

"गच्चीवर, भरपूर. खिमा भरवला नाही, पनीर नाही. बुवा, साखर कारखान्यात चीफ इंजिनिअर होतो मी. सांगितलेल्या कामात माझ्या हातून चूक होत नाही."

बुवांनी कुंडी उचलून उजेडाकडे धरली, फिरवून फिरवून बघितली...

"आणि सकाळी उठल्यावर काय करता?"

ठोसर जरा अडखळले. "काही नाही. म्हणजे... बघतो फक्त. काडेपेटीतली काडी घ्यायची, जबड्याच्या आतल्या केसांना लावायची. फटकन मिटला की जिवात जीव येतो. चला, आहे म्हणायचं."

"रोज?"

"दुपारी पण. झोपायच्या आधी पण..."

"हूं," बुवा म्हणाले. "जेवायची वेळ झाली. बसा."

जेवायचं कुणाला सुचतंय! झाड केतकीचं होतं. जर्मनीला शिकायला जाताना लेकीनं ते बापाच्या हातात दिलं होतं, नि दिवाळीला ती येणार होती. तोवर ते मेलं तर पोरीला तोंड कसं दाखवायचं, या एका घोरानं ठोसरांची झोप उडाली होती. विचारावं तर ती हल्ली फोनही उचलेना. बाप उठल्यासुटल्या फोन करणार, उचलणार तरी किती?

ओसरीवर पान वाढलेलं होतं. गरम भात, कुळथाचं पिठलं, वर तुपाची धार. वास आला नि ठोसरांना कळलं, आपल्याला सपाटून भूक लागली आहे. त्यांनी पहिला घास कालवला.

"दिवाकरराव!" आतून हाक आली.

घास तसाच ताटात टाकून ठोसर आत धावले. बुवा चटईवर आडवे झाले होते.

"काय बुवा?"

"काही नाही. आहात ना, बघितलं."

ठोसर परत पानावर आले. घास उचलला, तोंडाजवळ नेला...

"दिवाकरराव!"

पुन्हा गेले.

"काही नाही. बसा, बसा."

म्हाताऱ्याला विसरायला होतं की काय, असं मनात आलं. पण गुरू मानल्यावर हाकेला जायला नको? पुन्हा बसले, पुन्हा हाक. उठले. पुन्हा तेच. गुडघे कुरकुरायला लागले, भाताचा गोळा झाला, पिठल्यावर साय धरली, आणि पोटात अजून शीत गेलं नव्हतं. मधल्या वेळात ठोसरांनी खिशातला फोन काढून केतकीला लावला. नुसतीच रिंग वाजत राहिली.

"दिवाकरराव!"

या खेपेला ठोसर उठले नाहीत. भिंतीला पाठ लावून नुसते बसून राहिले. हाक आली, गेली. पुन्हा आली.

"अहो दिवाकरराव! आहात की गेलात?"

"आहे हो, आहे!" ठोसर ओरडले. कारखान्यातसुद्धा कधी एवढा आवाज चढवला नव्हता. "जिवंत आहे! पण तुम्ही दोन घास खाऊ द्याल तर राहीन ना! हा काय छळ मांडलाय?"



मग बुवा बाहेर आले. काळ्या पडलेल्या जबड्यांची ती कुंडी त्यांनी हळूच ठोसरांच्या ताटाशेजारी ठेवली, आणि समोर मांडी घालून बसले.

ठोसर कुंडीकडे बघत राहिले. मग ताटाकडे. मग परत कुंडीकडे. चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठे गेला.

"एवढ्या वेळा त्याला मी मिटायला लावलं... आणि आत खायला काहीच नव्हतं," ते म्हणाले.

त्यांनी कुंडी जवळ ओढली.

"बुवा, केतकीची आई गेली ना, तेव्हा मी शेजारीच झोपलो होतो. त्याच खोलीत. हातभर अंतरावर. सकाळी चहा घेऊन उठवायला गेलो... मला कळलंसुद्धा नाही. तेव्हापासून मला राहवतच नाही. झाड काय नि पोर काय... बघावंच लागतं."

बुवांनी गार भाताचं ताट बाजूला सारलं. आत जाऊन दुसरा भात आणला, वाफाळता. स्वतःच्या हातानं वाढला, वर तूप घातलं.

ठोसरांनी घास घेतला. चावला. गिळला. कुणी हाक मारली नाही.

आणखी एक घास घेतला, आणि मध्येच थांबले.

"पण काडी लावली नाही, तर ते जिवंत आहे हे मला कळणार कसं?"

"नाही कळणार."

"मग...?"

"मग ते जगेल," बुवा म्हणाले.