धाकलोजीरावांचे अकरा लाडू

बंधाऱ्याला तडा गेला त्याला तीन वर्षं झाली होती, आणि तो तडा उभा की आडवा यावर रत्नावळच्या राजसभेत अजून एकमत नव्हतं.

सभेत चाळीस मानकरी. चाळिसांनीही होकार दिला तरच ठराव, असा नियम. त्यामुळे ठराव एकही नव्हता, भाषणं मात्र पोत्यानं. जेवणाची घंटा झाली की सभा उठायची आणि उरलेलं भांडण उद्यावर जायचं.

ही घंटा वाजवायची चंद्राक्का, राजाच्या मुदपाकखान्यातली मुख्य आचारीण. तिचं माहेर नेमकं त्या बंधाऱ्याखाली. मृग पंधरा दिवसांवर आला होता. भावाचं घर सारखं तिच्या डोळ्यांसमोर यायचं. शेवटी राजाला ताक वाढता वाढता ती म्हणाली, “महाराज, एक दिवस सभा माझ्या पंगतीत भरवा. बंधाऱ्याचा ठराव करून देते.”

सूर्याजीराजे पक्के हट्टी. “जे मला जमलं नाही ते तू करणार? कर. पण कुणाला कोंडायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही आणि ‘गप्प बसा’ म्हणायचं नाही. जमलं तर बंधारा, नाहीतर पळी खाली ठेव आणि राज्याबाहेर चालती हो.”

“उपाशी? ते पाप माझ्या हातून व्हायचं नाही, महाराज.”

दुसऱ्या दिवशी चाळीस पानं मांडली, एकेचाळिसावं राजाचं. राजाच्या पंगतीची, मानकऱ्यांच्या पूर्वजांनीच घालून दिलेली रीत मोठी कडक होती. पानात टाकायचं नाही आणि शेवटचं पान स्वच्छ होईपर्यंत कुणी उठायचं नाही. ताकभात झाला, तशी चंद्राक्का बुंदीचे लाडू घेऊन आली. एकेक लाडू नारळाएवढा!

“बोलून माणूस दमतो,” ती वाढप्यांना म्हणाली. “जो तोंड उघडेल त्याच्या पानात लाडू. हात आखडू नका रे. हं, बंधारा बांधायचा का? होकाराला मान हलवली तरी चालेल.”

धाकलोजीराव खुलले. सभेतलं सगळ्यात लांब भाषण त्यांचं. “माझ्या खापरपणजोबांनी...” पानात लाडू.

“खापरपणजोबा कशाला मध्ये?” विसाजीपंत उसळले. त्यांनाही लाडू.

तासाभरात विसाजीपंतांनी चार लाडू कसेबसे रिचवले आणि निमूट मान हलवली. हळूहळू एकोणचाळीस माना हलल्या. धाकलोजीराव मात्र हटेनात. त्यांच्या पानात दहा लाडू जमले होते.

“महाराज, हे कोंडणं झालं!” ते ओरडले. अकरावा लाडू पडला.

“दारं सताड उघडी आहेत, सरकार,” चंद्राक्का नम्रपणे म्हणाली. “पान टाकून उठायचं नाही ही रीत तुमच्याच पूर्वजांची.”

शेजारचे मानकरी घायकुतीला आले होते. मांडी घालून त्यांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. “राव, हलवा की मान! तडा उभा असो नाहीतर आडवा, आमचं पोट फुटायची वेळ आलीय!” त्या सगळ्यांना एकेक लाडू मिळाला. चाळीस जोडी डोळे धाकलोजीरावांवर खिळले, त्यांत राजाचेही होते.

धाकलोजीरावांनी अकरा लाडवांकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं आणि मान हलवली.

राजा खदखदून हसला. “झाला ठराव! उठा सगळे, धाकलोजीरावांना सूट...”

राजाच्या पानात लाडू पडला.

“अगं, मी राजा आहे!”

दुसरा पडला.

“म्हणूनच महाराज,” चंद्राक्का म्हणाली. “राजाच्या घरी पंक्तिप्रपंच कसा करायचा?”

राजाला हसता हसता ठसका लागला. उत्तर द्यायला त्यानं तोंड उघडलं, वाढप्याचा हात पाहिला आणि झटकन मिटलं. खुणेनंच त्यानं मोहर मागवली, ठरावावर उमटवली, हातातलं सोन्याचं कडं काढून चंद्राक्काच्या हातावर ठेवलं आणि मुकाट्यानं पहिला लाडू फोडला.